बोकडामागे पळणारी ओनिका

आमच्या टोबॅगो बेटावरच्या बेथनी गावात माणूस माणसाला "काय, कसं चाललंय?" विचारतो ते काळजीपोटी नाही. सकाळी सकाळी हा कुठून उगवला, पिशवीत काय आहे, कोणाकडे निघालाय, हे काढून घ्यायचं असतं. मी त्याच गावची. नाव विल्मा, पण सगळे टँटी विल्मा म्हणतात, टँटी म्हणजे मावशी. ज्यांची मी कोणी लागत नाही तेसुद्धा म्हणतात, आणि ज्यांचं मला तोंड बघायचं नसतं तेसुद्धा. ईस्टरच्या मंगळवारी बक्कूच्या मैदानावर बोकडांच्या शर्यती होतात, तेव्हा मैदानाबाहेर मी खेकड्याचा रस्सा आणि उकडलेले पिठाचे गोळे विकते. उरलेलं वर्ष लोकांवर नजर ठेवण्यात जातं.

हल्ली पेपरवाले येतात नि विचारतात, "टँटी, ओनिका ट्रिम एवढी वेगवान कशी झाली? लहानपणी तिला काय खायला घालत होतात?" बघा, प्रश्नातच खोच! काय घालणार? सगळं टोबॅगो खातं तेच. मासा, कोनफळ, हिरवी केळी. ती पळायला लागली ती तिच्या बापाच्या संशयी डोक्यामुळे, आणि हे मी पेपरवाल्यांना सांगत नाही, कारण ते काय छापतील याचा मला भरवसा नाही. तुम्हाला सांगते.

तिचा बाप हॉलिस ट्रिम माझा चुलतभाऊ. मासेमारीची एक होडी आणि शर्यतीचा एक बोकड, एवढाच त्याचा संसार. ओनिका रांगत होती तेव्हाच त्याची बायको गेली. पोरीला अर्धं त्याने वाढवलं, अर्धं मी. बोकडाचं नाव त्याने बिशप ठेवलं होतं. पाद्रीसाहेब त्यावरून रागावले, तर म्हणाला, "साहेब, दाढी बघा ना त्याची!" तेव्हापासून पाद्रीसाहेब आमच्या रस्त्याने जायचे बंद झाले.

बिशप होता वाऱ्यासारखा. पण बोकड एकटा पळत नाही. गळ्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक अनवाणी पळणाऱ्या जॉकीच्या हातात, आणि जॉकी त्याच्या मागे जीव तोडून. दोरी सुटली की बाद. जॉकी बोकडाच्या पुढे गेला, तरी बाद. त्या वर्षी बिशप सगळ्यांत पुढे असताना जॉकीच्या हातून दोरी सुटली. ऊन होतं, घाम होता, सुटू शकते. पण संध्याकाळी तोच जॉकी डन्स्टन अलेनच्या रमच्या दुकानात फुकटची पिताना दिसला. आणि डन्स्टनचा बोकड सार्जंट त्या दिवशी पहिला आला होता!

"विकला गेला," हॉलिस म्हणाला. "विल्मा, या गावातला प्रत्येक जॉकी विकाऊ आहे."

"मग काय, स्वतः पळणार आहेस? पोट बघितलंस का?"

तो अंगणात खेळणाऱ्या ओनिकाकडे बघत राहिला. सात वर्षांची होती, काडीसारखे पाय. "घरचीच पोर पळवतो," म्हणाला. "तिला कोण विकत घेणार?"

तर असं झालं. पोरगी वेगवान होती म्हणून नाही निवडली. विश्वासाची म्हणून निवडली.

रोज पहाटे बापलेक बिशपला घेऊन समुद्रावर जायचे. आधी बोकडाला पोहवायचं, मग ओल्या वाळूवर पळवायचं. मी खेकडे पकडायला जायची तेव्हा दिसायचे. ओनिकाच्या उजव्या मुठीत दोरी, आणि हॉलिसच्या हातात चिंचेची छडी. छडी बोकडाला नव्हे हं. पोरीला. ती उत्साहाच्या भरात बिशपच्या खांद्याला खांदा लावायची, क्वचित पुढेही निघायची, की छडी सपकन तिच्या पोटरीवर.

"बोकडाचं नाक आधी! तुझा पाय मागून! किती वेळा सांगू?"

"डॅडी, पण तोच हळू पळतोय!"

"मग तूपण हळू पळ. तू पुढे गेलीस की सगळं गेलं. पुढच्याला कधी ओलांडायचं नाही. समजलं?"

मी ओरडायची, "अरे हॉलिस, पोर आहे ती, गाढव नव्हे!" तर म्हणायचा, "विल्मा, तू तुझे खेकडे बघ." पोरगी रडायची नाही. पोटरी चोळायची, मूठ घट्ट करायची नि परत पळायची. बापाला खूश करण्यापलीकडे तिला काही दिसतच नव्हतं.

आणि केलं खूश. किती ईस्टर तिने बिशपला पहिला आणला! डन्स्टनचा जळफळाट बघण्यासारखा असायचा. शर्यतीआधी तो यायचा नि बोकडाच्या तोंडाचा वास घ्यायचा, मग ओनिकाच्या मुठी उघडून बघायचा. एकदा म्हणाला, "मुलीच्या वेण्यांत काही बांधलंय का ते पण बघायला पाहिजे." मी रश्श्याचा डाव घेऊन त्याच्या मागे लागले होते. अख्ख्या मैदानाने बघितलं.

मग ओनिका मोठ्या शाळेत गेली. तिथे बोकडाशिवाय पळतात. खेळाच्या बाईंनी तिला एकदा पळताना बघितलं आणि हातातली शिट्टी तोंडात घालायची विसरल्या, असं म्हणतात. आम्हीही हुरळलो. पण थोड्याच दिवसांत एक विचित्र गोष्ट गावाच्या लक्षात आली. ओनिका प्रत्येक शर्यतीत दुसरी यायची.

एकदा दुसरी, ठीक. दोनदा, ठीक. पण प्रत्येक वेळी? समोर जबरदस्त मुलगी असली तरी ही तिच्या अर्धं पाऊल मागे. आणि जिला हरवायला लंगडी कोंबडी पुरली असती, अशा मुलीच्याही ही अर्धं पाऊलच मागे! धापसुद्धा लागलेली नसायची. पहिल्या दोघींना पुढच्या फेरीत घेतात, त्यामुळे ती पुढे पुढे जात राहिली, पण पहिली म्हणून कधी आली नाही. बाई विचारायच्या, "ओनिका, अगं जोर का राखून ठेवतेस?" ती म्हणायची, "नाही राखत बाई. शेवटी पायच थांबतात." हे कोणाला पटणार? मला नाही पटलं. पाय काय स्वतःच्या मर्जीने थांबतात? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी हॉलिसला त्याच वेळी म्हटलं होतं.

तो जाळं विणत राहिला. पण त्याच्या कानाची पाळी लाल झाली. त्याला राग आला की ती अशी होते.

अठराव्या वर्षी ती राष्ट्रीय शर्यतीसाठी पोर्ट ऑफ स्पेनला गेली. ते शेजारच्या मोठ्या बेटावर, ट्रिनिदादला. तिथे आमचं कोणी नाही. राहणार कुठे? तर जिच्याविरुद्ध पळायचं त्या जिझेल बाप्तिस्तच्याच घरी! खेळाच्या मंडळाने तशी सोय लावली होती. जिझेलची आई, मिसेस बाप्तिस्त, बाहेरगावच्या मुलींना घरी ठेवून घ्यायची. गावात हे कळलं तेव्हा डन्स्टन पेले पुसता पुसता म्हणाला, "वा! उंदीर मांजराच्या घरी मुक्कामाला."

अंतिम शर्यत आम्ही त्याच्याच दुकानातल्या टीव्हीवर बघितली. बसायला जागा नव्हती. हॉलिस सगळ्यांत पुढे, टोपी मांडीवर. बंदूक वाजली. जिझेल पुढे निघाली, आणि ओनिका तिच्या मागून अशी सुटली की दुकानातली सगळी माणसं उभी राहिली. जवळ आली. खांद्याला खांदा आला. "चल गं चल!" मी ओरडले. आणि रेषेच्या अगदी तोंडाशी तिचा उजवा खांदा खाली पडला, टाच जमिनीत रुतल्यासारखी झाली, आणि जिझेल अर्धं पाऊल पुढून निघून गेली.

मग टीव्हीवाल्यांनी तेच सावकाश दाखवलं. परत दाखवलं. डन्स्टन काउंटरमागून बाहेर येऊन पडद्याला बोट लावून म्हणाला, "हे बघा. ब्रेक मारला. आंधळ्यालाही दिसेल."

सगळे हॉलिसच्या पाठीकडे बघत होते. त्याने टोपी घातली आणि न वळता बाहेर गेला.

आणि पुढच्याच आठवड्यात बोटीवरून फ्रीज आला!

स्कारबरोच्या धक्क्यावर चादरीत गुंडाळलेला फ्रीज, वर मोठ्या अक्षरांत हॉलिस ट्रिम, बेथनी. ट्रकवाला गावात शिरून घर विचारायला लागला तेव्हा त्याच्यामागे निम्मं गाव चालत आलं. ओनिकाही त्याच बोटीने परतली होती. ती उतरली नि हसत म्हणाली, "डॅडी, मिसेस बाप्तिस्तनी पाठवलाय. त्यांनी नवा घेतला. मी बोलता बोलता म्हटलं होतं, तुझे मासे उरतात नि खराब होतात."

ट्रिनिदादची माणसं टोबॅगोला फुकट काय देतात हो? सर्दीसुद्धा देत नाहीत. मी फ्रीजकडे बघितलं. पांढराशुभ्र, एक दांडा थोडा वाकलेला, बाकी ठणठणीत. मागून डन्स्टनचा आवाज आला, "दुसरा नंबर बराच थंडगार दिसतोय!" सगळे फिदीफिदी हसले. ओनिकाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

लोक पांगल्यावर हॉलिसने तिला व्हरांड्यात उभं केलं. मी होते तिथे. मला जा म्हणाला नाही, आणि म्हणाला असता तरी मी गेले नसते.

"खरं सांग," तो म्हणाला.

"काय खरं सांगू?"

"काय बोलणं झालं त्यांच्यात नि तुझ्यात?"

"डॅडी, मी विकले गेले असं वाटतंय तुला?"

"मला काय वाटतं ते सोड. टीव्हीवर दिसलं ते सांग. तू थांबलीस का?"

"मला माहीत नाही! पाय थांबले. मी पळत होते, आणि तिथे आल्यावर..." तिला पुढे सांगता येईना. "तुझी शपथ, डॅडी. मेलेल्या आईची शपथ."

हॉलिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आईला मध्ये आणू नकोस," तो म्हणाला. "माझ्या बोकडाने मला कधी फसवलं नाही."

मी म्हटलं, "हॉलिस, जीभ आवर." पण बाण सुटला होता. ओनिकाने बापाकडे बघितलं. छडी खाताना रडली नव्हती ती पोर, तेव्हाही रडली नाही. आत गेली, पिशवी भरली आणि परतीची बोट पकडून ट्रिनिदादला गेली. कुठे गेली असेल? बाप्तिस्तांच्याच घरी. गावाला आणखी काय हवं होतं! चोराच्या मनात चांदणं, म्हणून पळाली, असं डन्स्टन दोन वर्षं सांगत होता. आणि फ्रीज व्हरांड्यात तसाच उभा, वर जुनं जाळं टाकलेलं. हॉलिसने त्याची वायर कधी भिंतीला लावली नाही. माशांचं काय व्हायचं ते होऊ दे, म्हणायचा.

ती तिथेच शिकली, एका क्लबात पळायला लागली. नंबर? दुसरा. सदान्कदा दुसरा. नाताळात मला केक पाठवायची. बापाला काही नाही. मी केक खायची, पण आधी वास घेऊन. सवय आहे.

दोन वर्षांनी ईस्टरला आली. माझ्याकडे उतरली, बापाकडे नाही. म्हणाली, "टँटी, मला फक्त शर्यती बघायच्यात." मी म्हटलं, "बघ की, कोणाच्या बापाचं मैदान आहे का?" आणि लगेच जीभ चावली.

त्या दिवशी हॉलिसच्या जॉकीचा पाय मुरगळला. बिशप तोवर देवाघरी गेला होता, आता त्याचा नातू डीकन पळायचा. हॉलिस बोकड धरून सुरुवातीच्या फाटकापाशी उभा, जॉकी नाही. डन्स्टनने संधी सोडली नाही. भर मैदानात हाक मारली, "अरे हॉलिस, तुझी पोर आलीय ना? की आता तिला पळवायला तुलापण फ्रीज द्यावा लागतो?"

ओनिका माझ्या टपरीजवळ उभी होती. तिने चपला काढल्या, मला दिल्या आणि फाटकाकडे चालत गेली. बापाच्या हातातून दोरी घेतली. दोघांत एक शब्द नाही. फाटक उघडलं.

डीकन सुरुवातीला छान पळाला. अर्ध्यावर त्याने सगळ्यांना मागे टाकलं होतं. पण शेवटी त्याचा दम संपला. डन्स्टनचा बोकड बाजूने पुढे सरकला, आणि ओनिकाचा वेग काही कमी होईना. ती डीकनच्या खांद्यापर्यंत आली. आता ही पुढे निघणार आणि बाद होणार, असं वाटत असतानाच तिचा उजवा खांदा खाली पडला. टाच रुतली. अख्खं अंग मागे ओढल्यासारखं झालं, आणि डीकन अर्धं पाऊल तिच्या आधी रेषेपार गेला.

दुसरा.

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. देवा रे! टीव्हीवर दोनदा सावकाश दाखवलेलं, तेच. तोच खांदा, तीच टाच. उघडी पडलेली गोष्ट दिसायला आम्हाला इतकी वर्षं लागली, कारण आम्ही सगळे तिच्या पायांकडे नाही, तिच्या खिशाकडे बघत होतो.

लोक ओरडायला लागले होते, "विकली! परत विकली!" मी हॉलिसकडे बघितलं. तो वेड्यासारखा रेषेकडे बघत होता. मग तो चालत गेला आणि शर्यत सांगणाऱ्या माणसाच्या हातातून त्याने माईक हिसकावून घेतला.

"मी हॉलिस ट्रिम," तो म्हणाला. भोंग्यातून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. "ऐका सगळे. डन्स्टन, तू पण ऐक. माझ्या मुलीने कधी काही विकलं नाही. पुढच्याला ओलांडायचं नाही, हे तिला मी शिकवलंय. छडीने मारून शिकवलंय. बोकडाच्या मागे राहायचं. ती अजून... ती अजूनही बोकडाच्या मागेच पळतेय."

मग कोणीतरी हसलं, कोणी टाळ्या वाजवल्या. डन्स्टन पुटपुटला, "माईकवर रडलं म्हणून फ्रीज परत जात नाही." त्याचं मन असंच आहे, त्याच्या रमसारखं, पाणी घातलेलं.

मी धावत ओनिकाला शोधायला गेले. ती किनाऱ्यावर डीकनचे पाय समुद्राच्या पाण्याने धुत होती. भोंगा तिथपर्यंत ऐकू येतो, म्हणजे तिने ऐकलं होतं.

"ऐकलंस ना? बघ, बाप कबूल झाला!"

"सगळ्या बेटाला सांगितलं त्याने, टँटी. मला अजून काही म्हणाला नाही."

"अगं, पुरुषमाणूस आहे, जीभ जड असते..."

"फ्रीजच्या वेळी नव्हती जड."

तेवढ्यात हॉलिस वाळूतून आला. जवळ येऊन उभा राहिला. ओनिका उठली नि वाट बघत राहिली. मीही. समुद्रसुद्धा थांबला असता तर बरं झालं असतं. हॉलिसने घसा साफ केला, खाली वाकून डीकनचा पुढचा पाय उचलला आणि विचारलं, "याला कुठे खरचटलं नाही ना?"

ओनिकाने दोरी त्याच्या हातात दिली. "नाही," म्हणाली. "बोकड ठीक आहे." आणि माझ्याकडून चपला घेऊन गेली.

मूर्ख, मूर्ख माणूस! मी त्याला वाळूतच खूप बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी बार्बेडोसला साऱ्या कॅरिबियन बेटांची शर्यत होती. त्यानंतर ओनिका किती देशांत पळाली, किती पदकं आणली, ते मी सांगत बसत नाही, पेपरात आहे. पण पहिलं सोनं ते बार्बेडोसचं, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दुखणं काय ते कळल्यावर तिने जिझेलबरोबरच त्यावर मेहनत घेतली. जिझेल पुढे पळायची नि वळून ओरडायची, "ए, मी बोकड नाहीये गं! ओलांड मला!" दोघी हसून हसून पडायच्या. पण पाय काही ऐकत नव्हते. दहा वेळांत एकदा ऐकायचे. हे सगळं मला ओनिकाने बोटीवरच्या एका ओळखीच्या बाईकडून सांगून पाठवलं. बापाला सांग असं म्हणाली नव्हती. मी सांगितलं.

तो म्हणाला, "विल्मा, माझ्याबरोबर बार्बेडोसला चल."

होडीखेरीज कशात न बसलेला माणूस विमानात बसला. तळलेले मासे नि पाव घरून बांधून आणलेले. विमानातल्या मुलीने सरबत दिलं, तर मला म्हणतो, "आधी तू पिऊन बघ."

"का? मी मेले तर चालेल?"

"तू मरत नाहीस," तो म्हणाला. वाटभर त्याचे ओठ हलत होते. मी विचारलं, "काय सांगणार आहेस तिला?" म्हणाला, "सांगेन." मला खात्री नव्हती. हा तिथे जाऊन तिच्या बुटांची चौकशी करणार, असंच मला वाटत होतं.

अंतिम रेषेच्या पलीकडे, कुंपणाला लागून आम्हाला जागा मिळाली. शेजारी एक धिप्पाड बाई, हातात डब्यांची पिशवी, डोक्यावर फुलांची टोपी. तिने हॉलिसकडे बघितलं नि एकदम म्हणाली, "तुम्ही मिस्टर ट्रिम! डोळे तिचेच आहेत. मी जिझेलची आई. फ्रीज चालतोय ना?"

हॉलिस चाचरला. "चालतोय," म्हणाला. "मासे टिकतात." मला ठाऊक होतं, त्याने वायर गेल्याच आठवड्यात लावली होती. मी गप्प राहिले. त्या बाईकडे मात्र नीट बघून घेतलं. काहीतरी खोट सापडेल म्हणून बघत होते. सापडली नाही, याचाच मला राग आला.

मुली ओळीत उभ्या राहिल्या. बंदूक वाजली. जिझेल पुढे, ओनिका तिच्या मागे, बाकीच्या कुठे होत्या ते मला आठवत नाही. दोघी आमच्याच दिशेने येत होत्या. खांद्याला खांदा आला. आणि मला दिसलं, तो उजवा खांदा खाली जायला लागला. हॉलिसची बोटं माझ्या दंडात रुतली. त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"ओलांड तिला!" शेजारून आरोळी आली. "ओनिका! ओलांड गं तिला! ओलांड!"

मिसेस बाप्तिस्त ओरडत होती. अंगातलं सगळं बळ लावून, टोपी मागे पडलेली, स्वतःच्या पोटच्या पोरीला ओलांड म्हणून!

खांदा थांबला. वर आला. आणि ओनिका जिझेलच्या पुढून रेषेपार गेली.

सगळं मैदान उठलं. आमच्या मागच्या बाकावरचा एक बार्बेडोसचा माणूस मोठ्याने म्हणाला, "जन्मभर दुसरी येणारी आज अचानक पहिली? काहीतरी घेतलं असणार हिने!" हॉलिस गरकन वळला. त्याने त्याची कॉलर धरली. "ती माझी मुलगी आहे!" तो ओरडला. "माझी मुलगी! तिने कधी कोणाला फसवलेलं नाही! ऐकलंस? कधीच नाही!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं जे अडकलं होतं ते सगळं त्या परक्या माणसाच्या तोंडावर गेलं.

मी त्याचा सदरा ओढत होते. "हॉलिस, सोड त्याला. इकडे बघ. ती आली."

तो वळला. हात पसरले.

ओनिका कुंपणापाशी पोचली होती. तिने मिसेस बाप्तिस्तच्या गळ्यात हात टाकले होते आणि तिच्या खांद्यावर तोंड खुपसून हुंदके देत होती. लहान मूल रडतं तशी. ती पोर रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. जिझेल मागून येऊन दोघींना बिलगली. गर्दीचा एवढा कल्ला होता की शेजारी उभं राहून मलाही हॉलिसचं बोलणं धड ऐकू आलं नव्हतं. तिला कुठून येणार?

हॉलिस हात पसरून उभा राहिला. खाली घेतले नाहीत. मला वाटलं, आता ती सुटेल नि येईल.

आली. डोळे पुसून आली, आणि त्याच्या पसरलेल्या हातांतला एक हात धरून हलवला. स्टेडियममध्ये मोठ्या साहेबांशी हात मिळवतात, तसा.

"आलात, बरं झालं," म्हणाली.

हॉलिसचे ओठ विमानातल्यासारखे हलले. तिने थोडा वेळ वाट बघितली. त्याला तिचा हात सोडवेना, म्हणून शेवटी तिनेच तो हळूच सोडवून घेतला आणि मिसेस बाप्तिस्तची डब्यांची पिशवी उचलायला वळली.